दादाच्या अस्थींची मुदत

१२ जानेवारी २०१७, गुरुवार

दादा २०१३ च्या ऑक्टोबरात वारला म्हणे. आणि आम्ही त्याचे दिवस करून मोकळे झालो १९९१ ला! बावीस वर्षं माणूस जिवंत होता.

नीट लिहिते.

सकाळी देवगडहून नंदनचा व्हॉट्सअ‍ॅप. नंदन म्हणजे चुलतभावाचा मुलगा, गावचं घर तोच बघतो. बळवंतकाकांच्या, म्हणजे दादाच्या, नावाने बाहेरदेशातून पत्र आलंय, अक्षर कुठलं ते कळत नाही, म्हणून फोटो पाठवला. मला वाटलं रशियन. ह्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, अल्फा, बीटा, थीटा — हे ग्रीक आहे. चाळीस वर्षं इंजिनिअरिंग केलं त्याचा एवढा तरी उपयोग!

तीन घरं सोडून स्तामातिया राहते, ती ग्रीक. ह्यांचेच बूट घालून बर्फातून तशीच गेले. तिने एकदा मनात वाचलं, छातीवर क्रॉस केला, मला खुर्ची दिली. मग सांगितलं.

पत्र एका बेटाच्या नगरपालिकेचं. तिथली दफनभूमी लहान. तीन वर्षं झाली की थडगं उघडतात, हाडं बाहेर काढतात, धुऊन पेटीत ठेवतात, आणि जागा दुसऱ्याला देतात. दादाची मुदत संपली आहे. १६ फेब्रुवारीला उघडणार. रक्ताचं कुणी असेल तर यावं, नाहीतर हाडं सगळ्यांच्या खड्ड्यात जातील. देवगडचा पत्ता दादाच्या बोटीच्या नोकरीच्या पुस्तकात सापडला.

स्तामातिया म्हणाली, "तुला भाऊ होता? कधी बोलली नाहीस." तीस वर्षांपासूनची शेजारीण. मी काय बोलणार, कपाळ!

१३ जानेवारी, शुक्रवार

ह्यांना सांगितलं, मी जाणार. हे म्हणाले, फेब्रुवारीत? ग्रीसला? लोक जुलैत जातात.

१५ जानेवारी, रविवार

लेकीला, अवंतिकाला, फोन केला. तिकडे कॅनडाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नाबीला, अजून सकाळ होती, ती कॉफी करत होती. सगळं सांगितलं. कॉफीचं मशीन बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "वॉज ही अलोन?" मी म्हटलं, मला काय माहीत बाई. मग म्हणाली, जाऊ नकोस एकटी, मी येते. मी नको म्हटलं. तिचं ऑफिस, तिचे प्रोजेक्ट. आणि खरं सांगायचं तर मला ती तिथे नकोच आहे.

हे येऊ शकत नाहीत, एक मार्चला गुडघ्याचं ऑपरेशन. दीड वर्ष थांबल्यावर मिळालेली तारीख, ती काही सोडवत नाही. बरंच झालं. म्हणजे — बरंच झालं असं मनात आलं, ते लिहून ठेवते.

२० जानेवारी, शुक्रवार

पाऊस आणि बर्फ एकत्र. ड्राइव्हवेवर काच झालीय. हे मीठ टाकायला गेले आणि गुडघा धरून परत आले. मी जाऊन टाकलं.

दिवसभर तेच डोक्यात. दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मालवाहू बोटीवर सेकंड इंजिनिअर, मालक ग्रीक. १९७८ च्या नोव्हेंबरात पिरियस बंदरात उतरला तो बोटीवर परत गेलाच नाही. कंपनीने दोन ओळी कळवल्या — पळून गेला. संपलं. बाबा त्या धक्क्यातून उठलेच नाहीत, पुढच्याच वर्षी गेले. आई मात्र म्हणायची, बाळू येईल. बारा वर्षं! गावातून हलायची नाही. लग्नाकार्याला म्हणून कणकवलीपर्यंतसुद्धा नाही. बाळू आला आणि घराला कुलूप दिसलं तर?

मी इथे. तिला इथे आणायचं होतं. कागदपत्रं तयार, आणि ही बाई उंबरा ओलांडेना. एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत मी गावी गेले. बारा वर्षं बेपत्ता असलेल्याचं काय करतात ते भटजींना विचारलं. पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ. सगळं मीच ठरवलं. चुलतभावाने अग्नी दिला. आई पडवीत खांबाला टेकून बसली होती, रडलीसुद्धा नाही. म्हणाली, "प्रमी, तुझी खात्री आहे ना?"

मी हो म्हटलं.

पुढच्या वर्षी ती इथे, ओकव्हिलला आली.

२९ जानेवारी, रविवार

हे देवळात गेलेत. घरात कोणी नाही. आज लिहिणार. हे कुठल्याही कागदावर कधी लिहिलेलं नाही, ह्यांनाही ठाऊक नाही.

१९९३ चा मार्च. देवगडहून चुलतभावाच्या पाकिटात एक कार्ड आलं. त्यावर निळा समुद्र, मागे दादाचं अक्षर. "मी बरा आहे. कागदपत्रं नव्हती, मग लाज वाटली, मग वर्षं गेली. आई कशी आहे ते कळव." खाली बेटाचा पत्ता.

मी ते कामावर, लॅबमध्ये, लंच ब्रेकला वाचलं. आधी आनंद झाला. झाला, खोटं कशाला बोलू! पाचेक मिनिटं. मग आई डोळ्यांसमोर आली. आई नुकती कुठे जेवायला लागली होती. अवंतिकाला श्लोक शिकवत होती. तिला काय सांगू? जिवंत मुलाचा पुतळा जाळला म्हणून? मी जाळायला लावला म्हणून? आणि कळलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी बॅग भरून ग्रीसला निघाली असती, सत्तराव्या वर्षी, हृदयाचं दुखणं घेऊन.

मी दादाला उत्तर लिहिलं. चार ओळी. "आई गेल्या वर्षी गेली. बाबा आधीच गेले. तुझे दिवस आम्ही केले आहेत. आता इथे तुझ्यासाठी काही नाही, येऊ नकोस."

आई तेव्हा वरच्या खोलीत गव्हले करत बसली होती.

पत्र टाकलं. कार्ड फाडून कचऱ्यात टाकलं. दादाचं पुन्हा काही आलं नाही.

आई त्यानंतर साडेपाच वर्षं जगली. मी कामावरून आले की रोज विचारायची — "आज काही पत्र?" मी कोट काढता काढता म्हणायचे, नाही गं. रोज. मला वाटायचं, म्हाताऱ्या माणसाची सवय.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात ती गेली. दोघांना एकमेकांच्या मरणाचं खोटं सांगून ठेवलं मी. त्या बेटावर दादा वीस वर्षं तेच खरं धरून जगला असेल. मरताना आपलं कुणीच नाही असं वाटलं असेल त्याला.

आणि ते चार ओळींचं पत्र कुठेतरी असेलच तिथे. कुणीतरी वाचून घेतलं असेल. त्या लोकांसमोर मी जाऊन उभी राहणार.

४ फेब्रुवारी, शनिवार

तिकीट झालं. टोरांटो–अथेन्स, पुढे बोट. देव्हाऱ्यातला गंगेच्या पाण्याचा सील केलेला गडू टॉवेलमध्ये गुंडाळून बॅगेत घातला. काळे तीळ, दर्भाच्या दोन काड्या. अस्थी आणायच्या आणि पुढे नाशिकला न्यायच्या असं ठरवलंय. हे म्हणाले, कस्टमला काय सांगणार? म्हटलं, माझा भाऊ आहे असं सांगेन.

स्तामातिया येऊन बजावून गेली — हाडं पिवळी निघाली तर माणूस शांत झाला. काळी निघाली तर कुणाचा तरी शाप आहे, किंवा कुणीतरी माफी मागायची राहिली आहे. आपल्याकडे नाही का, पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा सगळे घरच्यांकडे बघायला लागतात!

११ फेब्रुवारी, शनिवार. पिरियस

वारा. बोटी बंद. बंदरासमोरच्या हॉटेलात बसून आहे. ह्याच बंदरात तो उतरला. खाली रस्त्यावर एक टोपीवाला म्हातारा पाठमोरा दिसला आणि मी जिना उतरून धावले. वेडी झालेय मी.

१२ फेब्रुवारी, रविवार

आजही बोट नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार. बेटावर

सहा तास बोट हलत होती. एका बाईने मला लिंबू हुंगायला दिलं. उतरलो आम्ही पाच जण आणि एक फ्रिज.

कुठली ती जाहिरातीतली बेटं! सगळं बंद. निळ्या दारांना फळ्या ठोकलेल्या, खुर्च्या एकावर एक रचून साखळीने बांधलेल्या, पोहायच्या तलावात पाणी नाही, पानं आणि एक मेलेला पक्षी. मांजरं तेवढी भरपूर. वारा असा की बोलायला तोंड उघडलं तर दातात वाळू जाते.

धक्क्यावर अनेझिनी घ्यायला आली होती. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची. दहा वर्षं मेलबर्नला होती म्हणून इंग्रजी येतं. दादा हिच्या घराच्या खालच्या खोलीत पस्तीस वर्षं राहिला. कोळ्यांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बळवंत कुणाला म्हणता येईना, म्हणून वालांदीस. तिथला हा वालांदीस म्हणजे आमचा बाळू!

गंमत नाही पण — ती मला बघून दोन पावलं मागे सरली. वाटेत बेकरीत एक आजी होती, तिने माझ्याकडे बघितलं आणि क्रॉस केला. अनेझिनी म्हणाली, रागावू नका, तुमचं नाक त्याचंच आहे. चालताही तसंच, एक खांदा पाडून. आपण कसे चालतो ते मला कुणी सांगितलं नव्हतं ह्या वयापर्यंत. आज मी दादा मेला त्या वयाची आहे.

मला त्याचीच खोली दिली. बाकीच्या खोल्यांना थंडीत ओल येते म्हणे. पलंग, टेबल, खिळ्याला टोपी. टोपी तशीच आहे. मी त्या भिंतीकडे पाठ करून बसलेय आणि लिहितेय.

निघताना अनेझिनीने पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्याचे कागद आहेत, म्हणाली, आम्हाला तुमचं अक्षर कळत नाही, उघडला नाही कधी. म्हणजे वाचलं नाही कुणी! जिवात जीव आला. लगेच स्वतःची लाज वाटली.

डबा परत पलंगाखाली सरकवला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

१५ फेब्रुवारी, बुधवार

वीज गेली सकाळीच. अनेझिनीने तव्यावर तांदळाच्या पिठाचं काहीतरी घातलं आणि ताटलीत ठेवलं. घावणे! जाळी पडलेले घावणे! वालांदीसने तिच्या आईला शिकवले म्हणे. मी दोन खाल्ले, तिसरा ताटलीत ठेवून उठले.

गावभर फिरले. जिथे जावं तिथे तो. पाण्याच्या पंपाला त्याने बांधलेली तार, शाळेच्या घंटेला त्याने लावलेली कडी. लोक मला थांबवून दाखवतात. मी मान हलवते. काल आल्यापासून असं वाटतंय की कुणीतरी माझ्या अर्धं पाऊल मागून चालतंय, मी वळले की तेही वळतं. वारा असेल.

एकाने मोडक्या इंग्रजीत विचारलं, इतकी वर्षं का आला नाहीत? मी म्हटलं, माहीत नव्हतं. सरळ तोंडावर!

१६ फेब्रुवारी, गुरुवार

झालं.

सकाळी आठला. खणणारा एकजण, अनेझिनी, मी. दफनभूमी टेकडीवर, भिंतीच्या आत, खाली समुद्र. दादाचं थडगं अगदी कोपऱ्यात, कारण तो त्यांच्यातला नव्हता. पण पांढरा चुना दरवर्षी लावलेला.

खणणाऱ्याने फावडं ठेवलं आणि पुढचं हाताने केलं. माती हळूहळू बाजूला सारत होता. मी देवाचं नाव घेत नव्हते, एवढंच म्हणत होते, काळी नको, काळी नको.

पिवळी. जुन्या मेणबत्तीसारखी पिवळी! अनेझिनी माझा दंड धरून म्हणाली, बघा, चांगला माणूस.

डोकं खणणाऱ्याने माझ्या हातात दिलं. घ्यावंच लागतं, रक्ताच्या माणसाने. पुढचा अर्धा दात तुटका. मीच पाडलेला, सहा वर्षांची असताना झोपाळ्यावरून ढकलून. घरी त्याने सांगितलं होतं की मी आपणहून पडलो.

वाइनने धुतलं, त्यांच्या रीतीने. मग मी गडू फोडून गंगेचं पाणी घातलं, तीळ टाकले. अनेझिनीने बाजूला सरून जागा दिली. मी त्याला मोठ्याने म्हटलं, "दादा, आई तेव्हा जिवंत होती रे. मी खोटं लिहिलं." मराठीत. त्यांना काय कळणार. खणणाऱ्याने टोपी काढली.

लाकडी पेटी, पांढरं फडकं. उन्हात वाळायला ठेवलीय, दोन दिवस. वर ऊनच नाही.

माफी मागितली. सुटल्यासारखं काही वाटत नाहीये. मेलेल्याची माफी मागणं सोपं असतं, तो ऐकूनच घेतो.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

ह्यांचा फोन. फर्नेसचा फिल्टर कुठे ठेवलाय विचारत होते. सांगितला. अवंतिकाचा मेसेज दर तासाला — आर यू ओके. डिड यू फाइंड हिज थिंग्ज. मी लिहिलं, हो, एक डबा आहे, उघडला नाही. त्यावर काहीच उत्तर नाही.

१८ फेब्रुवारी, शनिवार

मला काही कळेनासं झालंय.

आज त्यांच्याकडे पितरांचा शनिवार. आपला पितृपक्ष, त्यांचा शनिवार! अनेझिनीने गहू शिजवून, त्यात मनुका, डाळिंबाचे दाणे, वरून साखर घातली. म्हटलं, अगं ह्या तर घुगऱ्या! ताट घेऊन चर्चमध्ये गेलो. वीसेक माणसं, सगळी काळ्या कपड्यात. प्रत्येक घर आपल्या मेलेल्यांच्या नावांचा कागद पाद्रीबाबांना देतं आणि ते गाण्याच्या सुरात एकेक नाव वाचतात.

अनेझिनीच्या घराचा कागद तिच्या आईच्या हातचा, जुना, तेलकट. कितीतरी ग्रीक नावं गेली. आणि मग, त्याच सुरात — "तारा."

तारा. ताराबाई. माझी आई! समुद्रात कुठेतरी असलेल्या त्या थंडगार चर्चमध्ये माझ्या आईचं नाव.

बाहेर आल्यावर मी अनेझिनीला म्हटलं, हे त्याने त्र्याण्णवला लिहायला सांगितलं असेल. माझं पत्र मिळाल्यावर. म्हणजे आई समोर खुर्चीत बसून चहा पीत असताना इथे तिच्या नावाने घुगऱ्या! असं मी मनात म्हटलं, तोंडाने फक्त साल बोलले.

ती म्हणाली, "नाही नाही. अठ्ठ्याण्णव. माझं लग्न होतं, त्याच आठवड्यात. वालांदीस दारात उभा राहिला आणि म्हणाला, आई गेली. चाळीस दिवस त्याने दाढी केली नाही. माझ्या लग्नाच्या फोटोत बघा."

फोटो दाखवला. दादा. दाढीचे पांढरे खुंट, कोट, रडून सुजलेले डोळे. मागे तारीख — नोव्हेंबर १९९८. आई गेली त्याच्या तिसऱ्या आठवड्यातली.

त्याला खरी तारीख ठाऊक होती. कुणी सांगितली? देवगडच्या चुलतभावाला पत्ता माहीत होता, पण तो शहाण्णवलाच वारला. ह्यांना काही ठाऊक नाही. मग कोण?

१९ फेब्रुवारी, रविवार

डबा उघडला.

सगळ्यात खाली माझं पत्र. चार ओळी. दुमडून दुमडून घडीवर फाटलेलं.

त्यावर एकोणचाळीस पाकिटं. मोजली नाहीत, त्यानेच कोपऱ्यात आकडे घातलेत. कॅनडाची तिकिटं, राणीचं चित्र. पत्ता इंग्रजीत, मोठ्या गोल अक्षरात, पेन्सिलीने रेघा मारून त्यावर लिहिलेला. ते अक्षर मी हजारदा होमवर्कवर सही करताना पाहिलंय. अवंतिकाचं. नऊ वर्षांची होती ती तेव्हा.

आत आईचं अक्षर.

पहिलं वाचलं नाही, धीर झाला नाही. दुसरं उघडलं. इथे उतरवते, म्हणजे कागद हरवला तरी राहील.

"चि. बाळूस अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. प्रमीने तुला मी गेले असं कळवलं हे वाचून हसू आलं. मी ठणठणीत आहे. तू तिच्यावर रागावू नकोस. मी इथे यावं म्हणून तिने तुझे दिवस केले, आणि आता तोंड कसं दाखवावं तिला कळत नाही. ती वाईट नाही, घाबरट आहे, लहानपणापासून. तू तिला लिहू नकोस. मला माहीत आहे हे तिला कळता कामा नये. ती आपणहून सांगेल. तुझ्या दाताचंही तिने चार वर्षांनी सांगितलं होतं, तुला ठाऊक आहे. छोकरी गुणी आहे, शाळेतून येताना टपाल तीच आणते, पत्ता तीच घालते. थंडी फार आहे. तू कानटोपी घाल."

शेवटच्या पाकिटात आईचं काही नाही. अवंतिकाचंच, इंग्रजीत, चौदाव्या वर्षीचं. डिअर मामा, आजी पास्ड अवे ऑन ट्यूजडे.

संध्याकाळपर्यंत पलंगावर बसून होते. अनेझिनी दोनदा सूप ठेवून गेली.

चोवीस वर्षं मला वाटत होतं की हे ओझं माझ्या एकटीचं आहे. घरात सगळ्यांना माहीत होतं! आई, माझी पोर, आणि समुद्रापलीकडे तो. तिघं मिळून मला सांभाळत होते. मी उशिरा घरी यायचे, स्वयंपाक करायचे, आणि ह्या दोघी टेबलाशी बसून मटार सोलायच्या, चेहऱ्यावर काही नाही. मला राग आलाय. कुणाचा ते कळत नाही. आईचा आलाय. हो, आईचाच.

आणि दादा एकटा नव्हता. तेवढं एक.

२० फेब्रुवारी, सोमवार

अवंतिकाला फोन लावला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "यू ओपन्ड इट." मग रडायला लागली. मीही. तिच्याकडे आज आमच्यासारखी फॅमिली डेची सुट्टी नाही, त्यांची आठवडाभर आधी झाली, तरी ती घरीच होती. थोडं थोडं सांगितलं तिने. मी फाडलेलं कार्ड दुधाच्या पिशवीत कोंबून टाकलं होतं. आजी दुधाच्या रिकाम्या पिशव्या कचऱ्यातून काढून धुवायची, वाळवायची. मी ओरडायचे त्यावरून, हे काय भिकेचे डोहाळे म्हणून! त्यात तुकडे सापडले. दोघींनी मिळून टेपने चिकटवले.

आजी गेल्यावर ती मामाला वर्षाला एक कार्ड पाठवायची, ती डब्यात पाकिटांच्या बाजूला उभी लावलेली होती. तेरा सालानंतर उत्तर आलं नाही तेव्हा तिला अंदाज आला होता. मला सांगता येईना, कारण त्या दोघींना सगळं ठाऊक आहे हेच मला माहीत नव्हतं.

अस्थी नेत नाही. अनेझिनीला सांगितलं, तुझ्या आईच्या पेटीशेजारी ठेव. तिने पेटीवर नाव घालायला रंग आणला. मी मराठीत बळवंत लिहिलं, खाली तिने ग्रीकमध्ये वालांदीस.

२३ फेब्रुवारी, गुरुवार. ओकव्हिल

पोचले. हे एअरपोर्टवर काठी घेऊन उभे. गाडीत, ४०३ हायवेवर, ह्यांना सगळं सांगितलं. पुतळ्यापासून. ऐकून हे म्हणाले, आईंना दुधाची पिशवी धुऊ द्यायची होतीस शांतपणे.

२५ फेब्रुवारी, शनिवार

अवंतिका आली, न कळवता, रात्रभराच्या फ्लाइटने. दादाची पत्रं घेऊन आली. बूट काढायच्या आतच मी तिला विचारलं — हे एकच राहून राहून डोक्यात येत होतं — आजीला त्याची पत्रं मिळत होती ना? मग रोज मी कामावरून आले की मला का विचारायची, आज काही पत्र?

ती इंग्रजीत सुरू झाली, थांबली. मग मराठीत म्हणाली, "ती तुला चान्स देत होती, आई. रोज."